पदरमोड करून छापलेली पुस्तके

आपल्या घरातल्या कपाटात एक पातळ पुस्तिका हमखास सापडते. वरच्या फळीवर जुजदानात कुराण शरीफ, त्याखाली दुआंची पुस्तके, मुलांची शाळेची दप्तरे, आणि या सगळ्यात कुठेतरी दबून गेलेली ती पुस्तिका. कुणा चाचांनी जमवलेल्या नात असतात, कुणा निवृत्त मास्तरांनी लिहिलेला गावच्या मशिदीचा इतिहास असतो, एखाद्या हाजींच्या सफरीची हकीकत, नाहीतर खानदानाचा शजरा. हरिहरेश्वरपासून श्रीवर्धन, म्हसळ्यापर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर अशा पुस्तिका किती घरांत असतील, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. प्रकाशक म्हणून बहुधा लेखकाचेच नाव असते, किंवा आखातातून छपाईचे पैसे पाठवणाऱ्या मुलाचे. किमतीच्या जागी कधी कधी ‘दुआ-ए-खैर’ एवढेच छापलेले असते.

आमच्याकडेही अशी पुस्तके अभिप्रायासाठी येतात. सोबतच्या चिठ्ठीत एक वाक्य ठरलेले असते: “स्वखर्चाने छापले आहे, सांभाळून घ्यावे.” जणू स्वतःच्या पैशाने छापणे हा काही गुन्हा आहे. कुणी प्रकाशक मिळाला नाही, म्हणजे पुस्तकातच काही कमी असणार, असे वाचणारा समजतो आणि लिहिणाराही मनातून तेच समजून बसतो. हा समज किती पोकळ आहे, हे दाखवण्यासाठी आम्हाला एका लेखकाची गोष्ट सांगायची आहे. त्यांनी नाटक लिहिले, पोवाडा लिहिला, संवाद लिहिले, शेतीवर लिहिले, सरकारी आयोगापुढे निवेदन दिले, लग्नाचे विधी लिहिले, आपल्या पैगंबरांवर (स.) मराठीत कविता लिहिली आणि शेवटी धर्मावर एक मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्यामागे कुठलीही नावाजलेली प्रकाशनसंस्था नव्हती. पुस्तके निघाली ती त्यांच्या आणि त्यांच्या माणसांच्या हिमतीवर, आणि जी त्या हिमतीवरही निघू शकली नाहीत ती कितीतरी वर्षे कागदांतच राहिली. हे लेखक म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले.

फुले पुण्याचे आणि आम्ही बोलतो आहोत हरिहरेश्वरच्या किनाऱ्याविषयी. पण या दोन जागांमध्ये एक जुना धागा आहे. चार डोंगरांच्या कुशीतले हरिहरेश्वर हे पेशव्यांचे कुलदैवत. पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ भट हे शेजारच्या श्रीवर्धनचे. तिथली देशमुखी त्यांच्या घराण्याकडे होती आणि राज्य जंजिऱ्याच्या सिद्दींचे. पुढे सिद्दींशी बिनसल्यावर बाळाजीपंतांनी हा किनारा सोडला, घाट चढून ते वर गेले आणि त्यांच्या वंशजांनी पुण्यातून राज्य केले. त्या पेशव्यांना फुले पुरवणारे एक माळी कुटुंब होते. मूळ आडनाव गोऱ्हे. पण फुलांच्या कामावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीराव त्याच घरात १८२७ साली जन्मले. पेशवाई तोवर संपलेली होती, पण पुण्यात लिहायचे कुणी आणि वाचायचे कुणी, हे ठरवणारी जुनी घडी तशीच होती. (हरिहरेश्वरच्या दक्षिणेला समुद्राला मिळणाऱ्या नदीचे नाव सावित्री. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नाही. तरी बागमांडल्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडताना आम्हाला सावित्रीबाईंची आठवण होते ती होतेच.)

जोतीरावांच्या हाती पाटी-पुस्तक आले त्यात आपल्या एका माणसाचा वाटा आहे. माळ्याच्या मुलाने शिकून काय करायचे, असे लोकांनी कान भरल्यामुळे वडिलांनी मुलाला शाळेतून काढून बागेत कामाला लावले होते. शेजारी राहणारे उर्दू-फारसीचे शिक्षक गफार बेग मुन्शी यांनी मुलाची हुशारी पाहिली. त्यांनी आणि लिजिट नावाच्या ख्रिस्ती गृहस्थांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि जोतीराव पुन्हा शाळेत गेले, तेही मिशनच्या इंग्रजी शाळेत. पुढे १८४८ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. सुनेने शाळेत शिकवायला जावे हे लोकांना खपेना, तेव्हा वडिलांनी या नवराबायकोला घराबाहेर काढले. त्यांना आसरा दिला तो गंजपेठेतल्या उस्मान शेख यांनी. त्याच घरातल्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सोबतीने शिकवू लागल्या. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी, नायगावला गेल्या होत्या, तेव्हा १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमावर सगळा भार पडत असेल, तरी ती तक्रार करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर आहे. आपल्या समाजातल्या एका बाईची ही एवढीशी नोंद खासगी पत्रात राहिली म्हणून आपल्यापर्यंत पोहोचली. ते पत्र हरवले असते तर काय उरले असते, याचा विचार केला की कागद जपण्याची गरज वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता पुस्तकांकडे येऊ. पहिले ‘तृतीय रत्न’, १८५५ सालचे नाटक. एका कुणब्याची बायको गरोदर असते. एक जोशी घरात शिरतो, ग्रहदशेची भीती घालतो आणि त्या भोळ्या नवराबायकोला कर्जात बुडवतो. मधूनमधून विदूषक बोलतो, एक पाद्री समजूत घालतो, आणि शेवटी ते दोघे रात्रीच्या शाळेत शिकायला जायचे ठरवतात. तिसरे रत्न म्हणजे विद्या, तिसरा डोळा. त्या काळी चांगल्या मराठी पुस्तकांना सरकारकडून दक्षिणा प्राइझ कमिटीमार्फत बक्षीस मिळे. जोतीरावांनी हे नाटक त्या कमिटीकडे पाठवले. नाकारले गेले. त्यानंतर ते इतकी वर्षे पडून राहिले की छापील रूपात लोकांसमोर आले ते १९७९ मध्ये, एका नियतकालिकातून. म्हणजे लेखकाला जाऊन ८९ वर्षे झाल्यावर!

या नकाराने जोतीरावांना एक गोष्ट शिकवली असावी, असे आम्हाला वाटते. दुसऱ्याच्या शिफारशीवर अवलंबून राहिलेले पुस्तक दुसऱ्याच्याच मर्जीने मरते. ‘गुलामगिरी’त त्यांनी या नकाराची आठवण काढली आहे, म्हणजे तो सल बरीच वर्षे टिकला होता.

स्वतः छापायचे तर पैसा हवा. जोतीराव लेखणीवर जगणारे लेखक नव्हते आणि हीच त्यांची ताकद होती. ते धातूच्या ओतकामाचे सामान विकत, मांजरीला त्यांची शेती होती, बांधकामाला लागणारा माल ते पुरवीत, आणि पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीतर्फे सरकारी कामांचे ठेके घेत. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सदस्यही होते. शाळा, अनाथ मुले, दुष्काळातली अन्नछत्रे आणि पुस्तके हा सगळा खर्च या धंद्यातून निघे. आपल्या किनाऱ्यावरच्या वाचकाला हे चटकन कळेल. आपल्याकडेही लिहिणारा माणूस बहुधा जहाजावर नोकरी केलेला, मच्छीचा किंवा आंब्याचा व्यापार केलेला, नाहीतर शाळामास्तर. लिहून पोट भरणारे मराठीत तेव्हाही मोजके होते आणि आजही आहेत.

१८६९ मध्ये दोन पुस्तके निघाली. एक, छत्रपती शिवाजीराजांचा पोवाडा. आठ भागांचा हा पोवाडा महाराजांना रयतेचा, कुळवाड्यांचा राजा म्हणून उभा करतो. दुसरे ‘ब्राह्मणांचे कसब’, पद्यातलेच; जन्मापासून मरणापर्यंत आणि वर्षाच्या सगळ्या सणांत अडाणी माणसाच्या खिशातून दक्षिणा कशी निघते याचा हिशेब. दोन्ही पुस्तके गाऊन दाखवता येतील अशी. ज्या वाचकाला अक्षरओळखच नाही, त्याच्यासाठी लिहायचे तर चालीवर लिहायला हवे, हे जोतीरावांनी ओळखले होते. एकाने वाचायचे आणि पंचवीसजणांनी ऐकायचे. आपल्याकडे मीलादच्या मजलिशीत एक जण किताब उघडून बसतो आणि बाकीचे ऐकतात, तसेच हे.

मग १८७३ सालची ‘गुलामगिरी’. सोळा प्रकरणे, धोंडिबा आणि जोतीराव यांच्यातली प्रश्नोत्तरे, सुरुवातीला एक इंग्रजी आणि एक मराठी प्रस्तावना. किंमत बारा आणे. अमेरिकेतल्या ज्या लोकांनी हबशी गुलामांना मुक्त केले, त्यांना हे पुस्तक अर्पण केलेले आहे. पुण्यातला एक ठेकेदार समुद्रापलीकडच्या, कधी न पाहिलेल्या माणसांना आपले पुस्तक अर्पण करतो. हा निर्णय कुठल्याही प्रकाशकाने सुचवला नसता, आणि सुचला असता तरी तो मागे घ्यायला लावला असता. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. पुस्तक आधी, संघटना नंतर.

‘गुलामगिरी’तले सगळेच आज टिकणारे नाही. दशावतारांच्या कथांमधून त्यांनी आर्यांच्या स्वाऱ्यांचा जो इतिहास रचला, तो आजचे इतिहासकार तसाच्या तसा घेत नाहीत, आणि शब्दांच्या काही व्युत्पत्ती तर ओढूनताणून आणलेल्या आहेत. भाषा इतकी जहाल की आजही काही जणांना झोंबते. चांगला संपादक असता तर त्याने या जागा दुरुस्त केल्या असत्या. पण तोच संपादक बाकीचेही कापून टाकेल की नाही याची खात्री त्या काळी देता आली नसती. पदरमोड करून छापण्याचा हा खरा तोटा आहे आणि तो मान्य करायला हवा: चुका दाखवायला कुणी नसते. आमच्याकडे येणाऱ्या पुस्तिकांतही तेच दिसते. इतिहास चांगला, पण सनावळीत घोळ. नात चांगल्या, पण शुद्धलेखन नाही. छापखान्यात देण्यापूर्वी दोन जाणत्यांच्या नजरेखालून मजकूर गेला, तर एवढी वाईट अवस्था होत नाही.

१८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी इंग्रजीत निवेदन दिले. त्यांची मुख्य मागणी प्राथमिक शिक्षणाची होती. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्या वर्गाच्या कॉलेजांवर खर्च होतो आणि खेड्यातले मूल तसेच राहते, हे त्यांनी सरळ मांडले. त्यात आपल्याविषयीही दोन-तीन वाक्ये आहेत. मुसलमान या सरकारी शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठीची फारशी ओढ नाही आणि इंग्रजीचीही नाही, असे त्यांनी नोंदवले. गफार बेग मुन्शींच्या शिष्याने हे लिहिले आहे, आकसाने लिहिलेले नाही. आज १४० वर्षांनंतर हा मजकूर तुम्ही मराठीत वाचत आहात, हे त्याचे थोडे उत्तर झाले. पुरते झाले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या घरांत कोकणी बोली, मदरशात अरबी, शाळेत कुठे उर्दू तर कुठे मराठी, आणि आता इंग्रजी माध्यम. या खेचाखेचीत मराठीत लिहिणारे हात कमी होतात, आणि जे लिहितात त्यांना छापणारा मिळत नाही. त्यामुळे आपल्या समाजाचे मराठी लेखन बऱ्याच अंशी स्वखर्चाच्या पुस्तिकांतूनच जगते.

पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये, ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा झाला. आमच्या मते जोतीरावांचे सर्वांत भरीव पुस्तक हेच. पहिल्या प्रकरणांत भिक्षुकशाही आणि सरकारी कामगार शेतकऱ्याला कसे नाडतात ते आहे. शेवटी शेतीचे उपाय येतात: डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पाणी आणि माती अडवा, तळी बांधा, चांगल्या जातीची जनावरे आणा, शेतीची प्रदर्शने भरवून बक्षिसे द्या, शेतकऱ्यांच्या मुलांना शिकवा. जंगलखात्याने गुरांची चराई बंद केली त्यावर ते तुटून पडतात. रानडुकरे पिकांची नासाडी करतात आणि सरकारने शेतकऱ्याच्या हातातली बंदूक काढून घेतली आहे, मग त्याने राखण कशी करायची, असाही त्यांचा सवाल आहे. भाताची आणि नाचणीची राखण करणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हा सवाल आजही नवा वाटणार नाही.

आणि हे पुस्तक त्यांच्या हयातीत पुस्तक म्हणून निघालेच नाही. त्याची कहाणी विरोधकांनी अडवल्याची असती तर समजण्यासारखी होती. ती आपल्याच माणसांची आहे. ‘दीनबंधू’ हे सत्यशोधकांचे साप्ताहिक. कृष्णराव भालेकरांनी ते १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केले आणि पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८० पासून ते मुंबईत चालवले. लोखंडे हे जोतीरावांचे सहकारी, गिरणी कामगारांचे पुढारी. त्यांनी ‘असूड’चे पहिले एक-दोन भाग छापले आणि मजकुराची धार पाहून पुढचे थांबवले. जोतीरावांना याचा फार राग आला. आपल्यातलेच छापखानेवाले भ्याले, अशा अर्थाचे शब्द त्यांनी पुस्तकातच लिहून ठेवले. लोखंड्यांची अडचणही आम्हाला दिसते. पत्र बंद पडले तर कामगारांची बाजू मांडणारे दुसरे काय उरणार होते? पण नुकसान झाले ते झालेच.

मग जोतीरावांनी काय केले? छापता येत नाही तर वाचून दाखवायचे. पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी जमलेल्या लोकांना त्यांनी ‘असूड’मधले भाग वाचून दाखवले. बडोद्याचे सयाजीराव महाराज गायकवाड यांनीही ते ऐकले. हाताने नकला करून एक प्रत महाराजांकडे आणि एक गव्हर्नर जनरलकडे पाठवली. छापखाना नाही म्हणून अडून न बसता हस्तलिखित नकला पाठवण्याचा हा मार्ग आपल्याला परका वाटू नये. छपाई येण्यापूर्वी शेकडो वर्षे मुस्लीम जगात किताबा अशाच हातांनी उतरवल्या गेल्या. त्या नकलांमुळेच पुढच्या पिढ्यांना पुस्तक मिळाले.

१८८५ हे वर्ष त्यांच्या लेखनात फार गजबजलेले आहे. ‘सत्सार’ नावाच्या छोट्या पुस्तिका त्यांनी काढायला सुरुवात केली; जून आणि ऑक्टोबर महिन्यांत दोन अंक निघाले. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्यावर तुटून पडलेल्यांना आणि ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंद्यांची टर उडवणाऱ्यांना त्यात उत्तर आहे. स्वतःच्या समाजातल्या बाया बोलू लागल्यावर बिथरणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांनाही त्यांनी सोडले नाही. त्याच वर्षी ‘इशारा’ निघाला. आणि त्याच वर्षी पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीरावांना निमंत्रण पाठवले. त्यांनी येणार नाही असे कळवले. ज्यांच्या ग्रंथांत आमच्या सुखदुःखाचा मागमूस नाही, त्यांच्या सभेत आमच्या ग्रंथांचा मेळ बसणार नाही, आमचे आम्ही पाहून घेऊ, असा त्या उत्तराचा आशय. हे पत्र ‘ज्ञानोदय’च्या ११ जून १८८५ च्या अंकात छापून आले. मराठी साहित्य संमेलनाची परंपरा ज्या सभांपासून मोजतात, त्यांतलीच ही एक.

यानंतर १८८७ मध्ये आले सत्यशोधक पद्धतीच्या विवाहाचे आणि पूजाविधींचे पुस्तक. भटजीशिवाय लग्न लावता यावे म्हणून नवरानवरीने एकमेकांना काय वचने द्यायची हेसुद्धा त्यात आहे. ही पुस्तिका वाचताना आपल्याला साहजिकच निकाह आठवतो: दोघांची कबुली, साक्षीदार आणि बस्स. साधेपणाचा तो विचार दोन्हीकडे आहे. आपल्या लग्नांत आता त्या साधेपणाचे काय झाले आहे, तो वेगळा विषय आहे आणि त्यावर आम्ही पूर्वी लिहिले आहे.

पैगंबरांवरची कविता ‘मानव महंमद’ ही जोतीरावांच्या अखंडांपैकी. संतांच्या अभंगाच्या धर्तीवर त्यांनी जी पदे लिहिली त्यांना ते अखंड म्हणत. सत्यासाठी सुखाचा संसार सोडणारा, उच्चनीच भाव मोडणारा, माणसा-माणसांत कुणी मालक नाही आणि कुणी दास नाही असे सांगणारा पुरुष म्हणून ते हजरत मुहम्मद (स.) यांच्याकडे पाहतात. शीर्षकातला ‘मानव’ हा शब्द आम्हाला विशेष वाटतो. काही वाचकांना वरवर तो खटकेल. पण कलिमा-ए-शहादतमध्ये आपणही त्यांना आधी अल्लाहचा बंदा म्हणतो आणि मग रसूल. जोतीराव आपल्या श्रद्धेच्या आतून लिहीत नव्हते, त्यांचा निर्मिकाचा विचार स्वतंत्र होता. तरी बाहेरून पाहणाऱ्या माळ्याच्या मुलाला त्या जीवनातले जे दिसले ते मूळ होते. मुस्लीम बादशहांविषयी मात्र त्यांनी हातचे राखून लिहिलेले नाही. सत्तेच्या ऐषारामात ते रयतेला विसरले, हा आरोप त्यांनी केला आहे. एकाच लेखणीतून आलेल्या या दोन्ही गोष्टी आपण एकत्र वाचायला हव्यात.

१८८८ मध्ये मुंबईत, ११ मे रोजी, लोकांनी त्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. त्याच वर्षी पक्षाघाताने त्यांचा उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली आणि त्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. या ग्रंथातला एक उतारा प्रत्येक मुस्लीम घराने वाचावा असा आहे. ते एका कुटुंबाची कल्पना करतात. आई बुद्धाच्या धर्माचे पुस्तक वाचून बौद्ध होते. वडील बायबल वाचून ख्रिस्ती होतात. मुलगी कुराण वाचून मुसलमान होते. मुलगा सत्यधर्माचे पुस्तक वाचून त्या वाटेने जातो. आणि चौघेही एकाच घरात, एकमेकांचा हेवा न करता, प्रेमाने राहतात. घरातल्या मुलीच्या हाती कुराण देणारे हे पान १८८९ साली पुण्यात लिहून झाले होते. धर्मांतराविषयी आपली मते काहीही असोत, बाईने स्वतः वाचावे आणि स्वतः ठरवावे हा भाग आपल्यासाठीही विचार करण्याजोगा आहे. आपल्या किती मुलींनी कुराणाचा अर्थ आपल्या बोलीत, मराठीत, स्वतः वाचला आहे?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. पुस्तक छापायचे राहिले होते. पैसा शाळांत, मुलांत आणि आजारपणात संपत आलेला होता. ते छापले दत्तक मुलगा यशवंत याने, १८९१ मध्ये. सावित्रीबाई तेव्हा हयात होत्या. ‘काव्यफुले’ या त्यांच्या संग्रहाला तोवर साडेतीन दशके झाली होती. १८५४ सालचा तो संग्रह म्हणजे नवऱ्याच्या पहिल्या नाटकाच्याही आधीचा. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले जोतीरावांचे समग्र वाङ्मय महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या लेखकाला हयातीत सरकारी बक्षीस मिळाले नाही, त्याचे लेखन शेवटी सरकारी मंडळाने छापले आणि आज ते कुठल्याही तालुक्याच्या वाचनालयात मागता येते.

पण समग्र वाङ्मय तयार होण्यासाठी आधी ते शिल्लक असावे लागते. जोतीरावांच्या काळात, १८६७ च्या कायद्याप्रमाणे, छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती छापखानेवाल्याने सरकारला द्याव्या लागत आणि त्यांची यादी दर तिमाहीला सरकारी गॅझेटात येई. जे छापले गेले त्याची कुठेतरी नोंद उरे. ‘तृतीय रत्न’ आणि ‘असूड’ छापले गेले नाहीत, म्हणून ते फक्त जपणाऱ्या माणसांच्या भरवशावर राहिले.

आता आपल्या पुस्तिकांविषयी काही कामाच्या गोष्टी. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना एकेक प्रत प्रकाशकाने तीस दिवसांत पाठवायची असते. लेखकच प्रकाशक असेल तर ही जबाबदारी त्याचीच. आपल्या किनाऱ्यावर शंभर-दोनशे प्रती काढणारे फार थोडे लोक हे करतात, कारण छापखान्यात त्यांना हे कुणी सांगत नाही. पुस्तकाला आयएसबीएन क्रमांक भारतात मोफत मिळतो. तो देणारी राजा राममोहन रॉय यांच्या नावाची सरकारी एजन्सी स्वतः छापणाऱ्या लेखकालाही तो देते, त्यासाठी दलालाला पैसे देण्याचे कारण नाही. पहिल्या पानाच्या मागे सन, गाव, छापखान्याचे नाव आणि आवृत्ती लिहा. या पुस्तिकांत नेमके हेच राहून जाते, आणि पन्नास वर्षांनी कुणी शोधायला बसला तर त्याला ती कधीची हे कळत नाही. दोन प्रती गावच्या वाचनालयात, एक शाळेत, एक मशिदीच्या दफ्तरात ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते आणि वाळवी लागते, म्हणून घरातली प्रत जमिनीलगतच्या कपाटात किंवा लोखंडी पेटीत कोंबून ठेवू नका. कोरड्या उंच फळीवर, कडुनिंबाची वाळलेली पाने घालून ठेवा आणि पाऊस संपला की एकदा सावलीत वारा द्या. मरहूम वडिलांच्या, दादांच्या हस्तलिखित वह्या असतील तर मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून दोन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा.

अशा वह्या ज्यांच्याकडे असतील त्यांनी मूळ वही न पाठवता, फक्त पहिल्या दोन पानांचे फोटो आणि लिहिणाऱ्याची थोडी माहिती आमच्या पत्त्यावर कळवावी. त्यांतल्या निवडक मजकुराला पुढच्या काही अंकांत जागा देण्याचा आमचा विचार आहे, इन्शाअल्लाह.